बसली तं उंच, उभी तं बुटकी

दामिनी म्हणजे माह्या भावाची पोरगी, खापा गावची. देवानं तिले धड लांब देलं अन् पाय देतानी हात आखडला. बसली तं तिच्या भावांच्या खांद्याले खांदा, उभी राहिली तं त्यांच्या छातीपर्यंत. गावातले पोट्टे चिडवत, "दामिनी, उभी तं राह्य वं!" ती उभीच राहे.

कॉलेजसाठी नागपूरले माह्याकडे आली, रामदासपेठेत, अन् तलावावरच्या क्लबात कॅनोइंग शिकायले लागली. एक गुडघा टेकून, एकाच बाजूनं वल्हं मारायची ती लांबट नाव. कन्हानच्या काठावर वाढलेली पोरगी, पाण्याले का भेणार! राज्याच्या टीममधे जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. सकाळी पोळ्या डब्यात कोंबून पळे. मले वाटे, चला, पोरीले तिचं काही गवसलं.

पण तिथल्या सरांनं सगळ्या पोरींले भिंतीशी उभं करून वल्ह्याचं माप घेतलं. उभं! अरे बाप्पा, त्या नावेत कोणी उभं राहते का? दामिनीच्या वाट्याले आखूड वल्हं आलं. पाण्यापर्यंत पोचावं म्हणून दर वेळी कमरेतून वाके. घरी आली की मी पाठीले तेल चोळून देत होती. ती सांगून थकली, "सर, गुडघ्यावर बसवून मापा नं." सर हसले. म्हणे, "तुह्या उंचीले एवढं लंबं वल्हं कायले वं?" माह्या डोक्यात तिडीक गेली.

तिची मैत्रीण मिनल, धरमपेठची, नुसते पायच पाय. तिले तिचं वल्हं लांब पडे, खांदे भरून येत. निवडीच्या दिवशी तीच म्हणाली, "आपण बदलून घेऊ नं वं." गुपचूप बदललं. दामिनी पहिली, मिनल दुसरी! मी काठावर लाज सोडून नाचली.

मग सरांचं वल्ह्यांकडे लक्ष गेलं. "कोणाचं डोकं हे?" माप बदला म्हणून मागं लागलेली दामिनीच होती, म्हणून बोटही तिच्याकडंच गेलं. दामिनीनं मिनलकडे पाहिलं. मिनल आपले नखं पाहत राहिली. बेशिस्त म्हणून दामिनीचं नाव खोडलं, मिनलचं राहिलं.

एक दिवस मिनल घरी आली, पेढे घेऊन. पेढे!

"त्या दिवशी तोंड शिवलं होतं का वं तुहं?" मी खेकसली.

ती रडायले लागली. "आत्या, बोलली असती तं मलेही काढलं असतं."

दामिनी आतून आली.

"मी बोलली असती," म्हणाली, अन् परत आत जाऊन दार लावून घेतलं.