परत दिलेला नंबर

"आधी पोट दाखव."

कुणाच्याही घरी गेला की तो पहिलं हेच बोलायचा. माणसाला नाही, मिक्सरला. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात आहेर मांडला होता. बायका साड्या बघतायत, पुरुष पाकिटांकडे बघतायत, आणि हा गडी खाली मांडी घालून नवा मिक्सर उलटा करून त्याच्या तळाचं लेबल वाचतोय. चष्मा कपाळावर, ओठ हलतायत. नवरदेवाचा मामा मला विचारतो, "हे कोण? दुकानदार आहेत का?" मी म्हटलं, "आमच्यातलेच आहेत. आधी यांना जेवायला बसवा, नाहीतर आता पंखे उतरवून बघतील."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी बघितला असेल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याने जन्मभर नावाला जपलं, ते मी चव्हाट्यावर कशाला मांडू? मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो म्हणून आमची सून हसली. हसू दे. भाईंदरच्या आमच्या गोडदेव गावात त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं गोडदेवचेच. आमचे बाप एकाच मिठागरावर मीठ ओढायचे. मिठागर गेलं, भातशेती गेली, शेतांवर गाळे उभे राहिले. त्यातल्या एका गाळ्यात त्याने पाणी तापवायचे रॉड बनवायचा धंदा काढला. बादलीत सोडतात ना, ते. मी त्याच्याकडे नळ्या वाकवायला लागलो. वयाने मी मोठा, म्हणून तो मला दादूस म्हणायचा आणि त्याच तोंडाने शिव्याही घालायचा. शिव्या मीही परत केल्यात. मालक म्हणून मी त्याला कधी हाक मारली नाही.

रॉडला आयएसआयचा मार्क लागतो, त्याशिवाय विकता येत नाही. मार्क मिळायच्या आधी एक बाई आल्या होत्या तपासायला. रॉड त्यांनी बघितलाच, पण त्यांची खरी नजर लेबलावर. फडकं पाण्यात भिजवलं आणि लेबल घासलं. मग पेट्रोलसारखं काहीतरी लावून परत घासलं. आमची अक्षरं गेली वाहून. बाई म्हणाल्या, "हे न्हाणीघरात राहणार. लेबल पुसलं गेलं तर वापरणाऱ्याने काय वाचायचं?"

आठवडाभर तो त्या बाईंवर जळत होता. आणि मग एकदम त्यांचाच चेला झाला. फडकं घेऊन दिसेल ते घासत सुटला. गाळ्यावरची पाटी घासली. माझ्या डब्यावरचं नाव घासलं, ते गेलं. त्याच्या बायकोने ओरडून सांगितलं, "देव्हाऱ्यातल्या फोटूंना हात लावलात तर बघा!"

नवं लेबल करताना छापणाऱ्याने त्यावर 'निमज्जन पातळी' असं काहीतरी लिहून आणलं. याने ते माझ्यापुढे धरलं. "दादूस, वाच."

"मीच का?"

"तुला समजलं म्हणजे अख्ख्या गावाला समजलं."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "निमज्जन काय? गणपती हायेत का? सरळ लिही ना, पाणी या रेघेपर्यंत पाहिजे." त्याने तेच छापलं. खाली मोठ्या अक्षरात, 'बटण बंद करून मगच पाण्याला हात लावा.' ते वाक्यही माझंच आहे. कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं नव्हतं एवढंच.

मार्क मिळाला, नंबर मिळाला. आमच्यासारख्या लोकांची एक खोड आहे. कागदावर नाव चढलं की आम्हाला ती जमीनच वाटते. त्याने लेबलाचा पहिला गठ्ठा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि शाळेतून आलेल्या पोराला जवळ ओढून म्हणाला, "बघ, हा आपला सातबारा. शेत गेलं, पण हा हाय."

मीही तिथेच होतो. मलाही ते पटलं होतं. पेढा खाल्ला मी.

त्याचं काम कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रॉड तयार झाला की टेबलावर जायचा. तिथे त्यात जास्तीचा करंट सोडून बघायचे, अर्थिंग तपासायचे. पास झाला तरच लेबल. लेबल तो स्वतः लावायचा. घाईच्या दिवसांत गाळ्यात कामाला असलेल्या पोरी म्हणायच्या, "शेठ, लेबलं आधी लावून ठेवतो, टाइम वाचेल." तो म्हणायचा, "बाळाचं बारसं जन्माआधी करता का गं?" आणि थंडीत व्यापारी फोनवर फोन करत असले तरी टेबलाला घाई नाही.

पोरगा मोठा झाला. हुशार, बोलायला गोड, मला काका म्हणून वाकून नमस्कार करणारा. बापाची चाल त्याला धीमी वाटायची. त्याने चेणे गावाच्या बाजूला स्वतःचा गाळा घेतला. बापाला म्हणाला, इस्त्र्यांचे सुटे भाग करतो. बापाने सगळ्या गाळ्याला जेवण घातलं.

मग एका थंडीत इंद्रलोक कॉलनीतली एक बाई आली. गुजराती. हातात टॉवेलात गुंडाळलेला रॉड. "काका, ये आपका है ना? मेरी सास को इतना झटका लगा, गिर गयीं. हाथ टूट गया."

त्याने टॉवेल सोडला. रॉड फिरवला. लेबल बघितलं. लेबल आमच्याच घाटाचं, नंबर आमचा, आणि माझं वाक्य, 'बटण बंद करून मगच पाण्याला हात लावा.' पण नळीचा वाक माझा नव्हता. माझा वाक मी अंधारात हात फिरवून ओळखीन. त्याने पेचकस घेऊन मूठ उघडली. आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, नुसती आत खुपसून ठेवली होती.

मी म्हणालो, "हा आपला न्हाय. सांग तिला."

तो त्या बाईला म्हणाला, "नंबर मेरा है, बेन. मैं आता हूँ आपके घर."

आणि गेला. मीही गेलो. म्हातारी पलंगावर, हाताला प्लास्टर. आम्हाला बघून तिने सुनेला चहा टाकायला सांगितला. त्याने कप तसाच खाली ठेवला. म्हातारी मात्र हसून म्हणत होती, "भाई, गलती मेरी होगी. बटन मैंने बंद नहीं किया होगा." तो मान खाली घालून बसला होता. असं बसलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

तिथून आम्ही थेट चेण्याला. आमचं लेबल, आमचा नंबर पोराशिवाय कुणाच्या हाती जाणार? गाळ्यात रॉडची रास, आणि कोपऱ्यात लेबलांचे गठ्ठे. तपासायचं टेबल नव्हतंच.

पोरगा घाबरला नाही. मला त्याचं तेच नवल वाटलं. तो खरोखरच चक्रावला होता. "बाबा, नंबर आपलाच हाय ना? मी काय परक्याचा चोरला का?"

"तो त्या गाळ्याचा नंबर हाय. तिथे बनवलेल्या, तिथे तपासलेल्या मालाचा."

"तुम्हीच बोललेले, हा आपला सातबारा. मग सातबाऱ्यावर पोराचा हक्क नसतो?"

बापाने राशीतला एक रॉड उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "मी बोललो होतो. मी चुकीचं बोललो होतो. पण तुला माल तपासायला तर शिकवलं होतं ना मी?"

"सगळेच असं करतात, बाबा."

"सगळ्यांची सासू पडली न्हाय, बाळा. तिची पडली."

पुढे आम्ही दुकानं फिरलो. भाईंदर, काशिमीरा, जिथे जिथे पोराने माल टाकला होता तिथे. दुकानदार याला ओळखायचे. "शेठ, तुमचा माल आहे, मग परत कशाला?" हा म्हणायचा, "माझा न्हाय. दे." रॉड गोणीत भरून आणायचे आणि आमच्या गाळ्यात बसून लेबलं काढायची. ब्लेडने. ती निघता निघेनात. पाण्याने नाही, पेट्रोलने नाही. त्याच्या बोटांतून रक्त आलं. मी म्हटलं, "सोड ना, रॉडच तोडून टाकू." तो ब्लेड थांबवून लेबलाकडे बघत राहिला.

"लेबल पक्कं केलंय पोराने," तो म्हणाला. आणि देवाशपथ सांगतो, त्याच्या तोंडावर क्षणभर कौतुक होतं. मग त्याने तोंड फिरवलं.

विकला गेलेला माल कुणाकुणाच्या न्हाणीघरात पोचला होता, ते कसं कळणार? आम्ही फिरून फिरून किती घरं फिरणार? त्याला झोप येईना. शेवटी तो सरकारी ऑफिसात गेला आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आला. माझ्या नंबराचा असा माल बाजारात आहे, लोकांना सावध करा, आणि माझा नंबर परत घ्या.

जायच्या आधी घरात काय झालं ते मी उंबऱ्यावर बसून ऐकलं. त्याची बायको एरवी मोठ्याने बोलणारी. त्या दिवशी आवाज नव्हता तिला. "म्हातारपणी नंबर पाणी पाजणार हाय का तुम्हाला?" तो म्हणाला, "न्हाय." आणि चपला घातल्या.

पोराच्या गाळ्याला सील लागलं. केस झाली. पोरगा घरी आला, दारातच उभा राहिला. "परक्याने पकडलं तर बाप सोडवायला जातो. माझ्या बापाने उलटं केलं. माझा हिस्सा सरकारला देऊन आला." बायको-पोरांना घेऊन तो पालघरच्या बाजूला गेला. फोन बंद.

नाक्यावर लोक काय काय बोलले! "पोराला पोलिसांत देणारा बाप." एक जण तर त्याच्यासमोर बोलला, "काय शेठ, आता सुनेचं पण लेबल घासणार का?" मी त्याची कॉलर धरली होती. मला वाटतं ते मी तोंडावर बोलतो. मी याला त्या वेळीच म्हटलं होतं, तू बरोबर केलंस. आजही म्हणतो. तो फक्त माझ्याकडे बघायचा. बरोबर केलंय हे ऐकून त्याला बरं वाटतंय, असं मला कधी दिसलं नाही.

गाळा बंद झाला. आता तिथे फरसाण बनवतात. तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मिठागराच्या गोष्टी काढायचा, पावसाला नावं ठेवायचा. पोराचं नाव नाही. मी एकदा काढलं, तर उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा परत आला. कुणाच्या घरी गेला तरी मिक्सर उलटा करेना. माझ्या सुनेने मुद्दाम नवा आणलेला त्याच्यापुढे ठेवला, "भाऊ, पोट बघा ना." तो म्हणाला, "चांगला असंल, पोरी." मला त्या दिवशी कळलं की हा आता फार दिवस राहत नाही.

लिव्हर गेलं होतं. हॉस्पिटलात मी रोज जायचो. त्याची बायको चोरून पोराला निरोप पाठवत होती, ते त्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. दार वाजलं की तो डोळे उघडायचा. नर्स असायची, नाहीतर मी. तो डोळे परत मिटायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "मी आलो तर तोंड का पाडतोस रे?" तेव्हा हसला. शेवटचं हसणं तेच.

पोरगा आला, पण बाप गेल्यावर. भडाग्नी त्यानेच दिला. लोकांना वाटलं होतं तो येणार नाही. मला माहीत होतं येईल. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि तो मोटरसायकल लावून माझ्या ओट्यावर आला. डोक्यावर नवे केस नुकते दिसत होते. थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसला.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"आजारपणात बाबा माझ्याबद्दल काय बोलले?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? माझी बायको म्हणते, बोलायचं होतं काहीतरी, पोराचा जीव शांत झाला असता. सगळे तेच म्हणतात. पण तो माणूस आता नाही. त्याने न बोललेलं मी त्याच्या नावावर कसं बोलू?

"काय न्हाय बोलला," मी म्हटलं.

"एकदा पण न्हाय?"

"एकदा पण न्हाय."

"बरं," तो म्हणाला. मान हलवत राहिला. "बरं, बरं." उठला, गाडीपाशी गेला. हेल्मेट घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायला लागला. क्लिप बसेना. परत परत लावतोय, परत परत सुटतेय.

मी उठलो. माझ्या गुडघ्यांना पायऱ्या उतरायला वेळ लागतो, तोवर तो तसाच झटत होता. मी त्याचे हात बाजूला केले. "मान वर कर," म्हटलं. त्याने हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. मी पट्टा लावला, ओढून बघितला.

"झालं. हळू जा," मी म्हणालो.

तो गेला नाही. पट्टा लागला होता, तरी तो तसाच हनुवटी वर करून, डोळे मिटून माझ्यासमोर उभा राहिला.