उजव्या पायाची नोंद

वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमचं फॉल इन झालं, हजेरीची रांग लागली. आम्ही होमगार्डच्या दोघी बायका, केळशीची सेक्शन लीडर सुनंदाताई आणि मी. ड्युटी सावर्ड्याजवळच्या एका शाळेत. पुरातून काढलेली माणसं तिथे ठेवली होती. बायांच्या खोल्या आमच्याकडे.

काम ठरलेलं. साडेसहाला पाणी, आठला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी. त्याआधी सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची नोंद, वहीत लिहून प्लॅटून कमांडर सरांना द्यायचा. शेवटच्या ओळीत आम्हा गार्डांची तब्येत. काही नसलं तर 'निरंक'. वही माझ्याकडे होती. शिक्षण दहावीपर्यंतच, पण बोलण्यापेक्षा मला लिहिणं सोपं जाई.

तिसऱ्या दिवशी बायांची अंगं खाजू लागली. डॉक्टर पुरुष, म्हणून कुणी दाखवीना. ताईने कोपऱ्यात दोन चादरी बांधल्या.

"या गो एकेक. लाजायला काय तुमचं लगीन लावतेय?"

चिखल्यांनी पायांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या. परकराची नाडी बसते तिथली कातडी सोललेली, मांड्यांत लाल चट्टे. ताई पाय धुवायची, पुसायची, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायची. मी लिहायचे. मलम होतं, कोरडा कपडा नव्हता. बाई तोच ओला परकर पुन्हा नेसायची. दुसऱ्या दिवशी चट्टा वाढलेला असायचा.

चौथ्या दिवशी ताईने बूट काढला तेव्हा मी पाहिलं. उजव्या पायाच्या बोटांत खोल चीर, पाऊल घोट्यापर्यंत लाल. तिला साखरेचा आजार होता. घरून आणलेलं थिजलेलं कोकमतेल तिने तळहातावर चोळून मऊ केलं आणि चिरेत दाबून भरलं. भेगांना आमच्याकडे सगळेच ते लावतात. वरून ओला मोजा चढवला.

"ताई, डॉक्टरांना दाखव."

"अगो, चिखल्या त्या. दरसाल लावणीत होतात."

"वहीत लिहू?"

"लिही, नि घालव मला घरी. मग पडद्यामागे ह्या बायांना तू विचारणार? तोंडातून शब्द तरी फुटतो काय तुझ्या?"

ती हसली. मीही हसले. तिचं बोलणं खरं होतं. मी लिहिलं, गार्ड निरंक. पाचव्या दिवशीही तेच लिहिलं.

सहाव्या दिवशी ताई हजेरीला उभी राहिली, सॅल्यूट केला. साडेनऊला थंडी भरून खाली बसली. बूट निघेना. सरांनी सुरीने फीत कापली. पोटरीपर्यंत सूज, काळपट फोड. डॉक्टरांनी सलाईन लावलं.

"ऑपरेशन लागेल. आत्ता न्यायला हवं. कधीपासून आहे हे?"

सरांनी वहीची पानं उलटली. माझ्याकडे पाहिलं. वायरलेस उचलला.

"कॅम्प बोलतोय. महिला गार्ड सिरियस. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"गाडी दरडीपलीकडे अडकलीय. माती काढताहेत. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"सांगता येत नाही. थांबा."

आम्ही थांबलो. दहा, अकरा, एक. ज्या बायांचे पाय तिने धुतले होते त्या भोवती बसल्या. एकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी तिचा पाय हातात धरून होते. दुसरं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

"माझे मोजे वाळत घाल गो," ताई मधेच म्हणाली. बाहेर पाऊस होता.

गाडी तीन चाळीसला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ताई गेल्याचं वायरलेसवर कळलं. सरांनी सगळ्यांना फॉल इन केलं. दोन मिनिटं उभे राहिलो. त्या दिवशीही डॉक्टरांच्या फेरीआधी बाया चादरींपुढे येऊन थांबल्या. मी आत गेले आणि एकेकीला विचारलं.

ड्युटी संपली तेव्हा वही सरांकडे जमा केली. त्यात लिहायचं राहिलं ते इथे लिहिते.

चौथा दिवस. सुनंदाताई, सेक्शन लीडर. उजवा पाय, बोटांत चीर, घोट्यापर्यंत लाल. साखरेचा आजार. डॉक्टरांना ताबडतोब दाखवणे.