मुलीच्या मागावर

माझी मुलगी कळंबला कॉलेजात जायची. रोज दुपारच्या एसटीनं परत येणारी पोरगी एकाएकी संध्याकाळच्या गाडीनं यायला लागली. विचारलं तर म्हणे, "लायब्ररीत बसते." माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठंतरी जुळलंय हिचं, दुसरं काय! मी तिच्या वह्या चाळल्या, फोन चाळला. काहीच सापडेना, म्हणून संशय आणखी वाढला. तिच्या वडिलांच्या कानावर गेलं असतं तर कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं. म्हटलं, आधी आपणच छडा लावू.

जो कुणी असेल तो मला तीच समजून जवळ येईल, म्हणून एके दिवशी तिचाच ड्रेस घातला, कॉलेजच्या पोरी बांधतात तसा डोळे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ बांधला आणि दुपारच्या गाडीच्या वेळेला कळंबच्या स्टँडबाहेर जाऊन उभी राहिले.

पाच मिनिटंही झाली नसतील. मोटारसायकलवरचा एक जण मागून म्हणाला, "तोंड तर दाखव की!" मी सरकले. मोटारसायकलही सरकली. "लई भाव खायलीय," दुसरा हसला. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं, पण कुणी मान वर केली नाही. आणि लाज बघा, एकेचाळीस वर्षांच्या मला वाटलं, या ड्रेसचा गळाच मोठा आहे की काय!

मग माझा मलाच संताप आला. स्कार्फ ओढून काढला. बघते तर मोटारसायकल चालवणारा आमच्याच गल्लीतला, रोज मला वहिनी म्हणणारा. त्याचं तोंड उतरलं.

"वहिनी, तुमी व्हय! मला वाटलं दुसरंच कुणी हाय."

"दुसरी असती तर चाललं असतं का रे?" मी ओरडले. तो मोटारसायकल काढून पळाला.

शेजारची पेरूवाली म्हणाली, "जाऊ द्या बाई, रोजचंच हाय त्यांचं. म्हणून तर पोरी आता सांजच्या गाडीनं जायल्यात." रोजचंच म्हणे! रोज घडतं म्हणून ते बरं ठरतं का?

मी तिथंच थांबले. पाचला मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात आली. मला बघून दचकली. बाजूला घेऊन विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर घरी कुणाला बसवलं असतं, त्यांना का मला?"

उत्तर मला येत होतं. मी तिच्यासोबत संध्याकाळच्या गाडीत चढले.