कालव्याच्या पायरीवरचे बूट

हॅनोव्हरबाहेर कालव्याकाठी आमचं भाड्याचं घर आहे. कालव्याची देखभाल करणाऱ्या कामगारांसाठी कधीकाळी बांधलेलं. छप्पर पालथ्या होडीसारखं गोल, रस्त्याकडे चक्क पाठ, आणि एकुलतं एक दार थेट कालव्याकाठच्या पायवाटेवर उघडणारं. कामगारांचं सगळं काम पाण्यावर, रस्त्याशी त्यांना काय देणंघेणं! त्यात डेंकमालशुट्झ, म्हणजे जुनी वास्तू जपायचा कायदा. बाहेर चपलांचा साधा स्टँड ठोकायचीही सोय नाही. आत जागा नाही, म्हणून चपला पायरीवर.

त्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीसाठी एर्लांगेनच्या मुलाकडचे आले होते. पोरांनी आपसात कधीच ठरवलं होतं, अडलं होतं फक्त मुलाच्या बाबांपाशी. ते पुण्याहून आलेले आणि कशालाही उत्तर एकच, "विचार करून सांगतो." उतरत्या छताला डोकं आपटल्यावर तर तेवढंही बोलेनात. बहीण पांढरीफटक पडली. मला असा संताप आला म्हणता! त्यांच्या पोह्यांत मी मुद्दाम दोन मिरच्या जास्त घातल्या.

शेवटी ते निघाले. दार उघडलं, तर सगळ्यांच्या चपला जागेवर, फक्त बाबांचे नवेकोरे तपकिरी बूट गायब.

माझ्या लगेच लक्षात आलं. इथे लोक नको असलेल्या वस्तू दाराबाहेर ठेवतात, ज्याला हवं त्याने खुशाल उचलावं. पायवाटेवरून जाणाऱ्या कुणीतरी तेच केलं होतं. पण हे यांना सांगायचं कसं? बाबांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. झालं, गेलं लग्न कालव्यात!

आणि एकदम ते माझ्याकडे बघून हसले. बोट नाचवत म्हणाले, "काय हो ताई, बूट लग्नात पळवतात! आम्ही अजून होकार कुठे दिलाय?"

मी जमेल तितका चोरटा चेहरा केला. "मग द्या ना!"

"बरं बाई, दिला! आणा आता बूट."

"छे, असे कसे? आता लग्नातच मिळतील."

माझ्या नवऱ्याच्या सँडल घालून, स्वतःवर भलतेच खूश होत ते स्टेशनकडे निघाले. मुलगा बिचारा त्यांच्यामागे जवळजवळ उड्या मारत गेला.

दार लावलं तशी बहीण माझ्या गळ्यात पडली. रडत काय होती, हसत काय होती. मलाही भरून आलं. मग डोळे पुसत तिने हळूच विचारलं, "ताई, कितव्या नंबरचे होते गं?"