जांभळीला टांगलेला फोन

ती घटना मी अनेक वर्षे अभिमानाने सांगत आलो, पण अर्धीच. उरलेली आज सांगतो.

मुळशीत मोबाईल नुकते आले होते. धरणाच्या अलीकडे डोंगरावर एका पुणेकराचा बंगला होता. एका दुपारी तिथल्या राखणदाराचा डोक्यात दगड घालून खून झाला. ठाण्याचा प्रभारी मी होतो.

खबऱ्याने दुसऱ्याच दिवशी नाव दिले. बंगल्यासाठी ज्याने जमीन विकली, तो खालच्या वाडीतला शेतकरी. कुंपणामुळे त्याची वहिवाट बंद झाली होती आणि त्यावरून राखणदाराशी त्याची जुंपली होती. त्याला उचलून आणला.

"मी खाली खाचरात बांध घालत व्हतो, साहेब."

"कुणी पाहिलं?"

"बायकोनं."

बायकोच्या साक्षीला आम्ही काय किंमत देणार! त्याच्या मोबाईलच्या कॉलची यादी मागवली. खुनाच्या सुमारास त्याला एक फोन आला होता आणि तो उचललाही गेला होता. खाचरात रेंज नव्हती, मी स्वतः उतरून पाहिले होते. रेंज फक्त वर, बंगल्याच्या कुंपणालगत. म्हणजे गडी वर होता. यंत्र कशाला खोटे बोलेल?

"फोन वर व्हता साहेब, मी न्हाई," तो म्हणाला. "आमी समदे फोन वरच्या जांभळीला पिशवीत टांगतो. वाजला की जो जवळ आसंल त्यो उचलतो, खाली हाळी देतो."

हवालदार म्हणाला, "मग खून बी पिशवीनंच केला व्हय रे?"

मीही हसलो. मग त्याच्या डाव्या कानाखाली मारले. पुन्हा पुन्हा मारले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." पेपरात मोबाईलने खुनी पकडल्याची बातमी आली. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

महिन्याभराने बावधनला चोरीचा कॅमेरा विकताना दोघे सापडले. कॅमेरा त्या बंगल्यातला होता. खून त्यांनीच केला होता.

तेव्हा कुठे मी यादीतला तो नंबर फिरवला. पलीकडे त्या शेतकऱ्याची बहीण होती.

"त्या दुपारी भाऊच बोलला का तुमच्याशी?"

"न्हाई वो. एका गुराख्यानं उचलला. म्हनला, दादा खाली खाचरात हाय, हितनं दिसतोय, हाळी देऊ का? म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

"मग हे सांगितलं का नाही?"

"आले व्हते की ठान्यात. दारावरच्यानं हाकललं."

ज्या कॉलवर मी त्याला अडकवले, तोच त्याच्या बाजूचा पुरावा होता. नंबर महिनाभर माझ्या टेबलावर होता.

न्यायालयाने त्याला सोडले. जप्त केलेला फोन न्यायला तो बायकोसोबत ठाण्यात आला. ती म्हणाली, "तुमच्या ताईला लावा आधी, वाट बघत आसंल." त्याने फोन सवयीने डाव्या कानाला लावला. दोनदा 'हॅलो' म्हणाला. बायकोकडे पाहिले आणि फोन उजव्या कानाला नेला.

यंत्राने मला फसवले नव्हते. फोन कुठे होता, एवढेच त्याने सांगितले होते. माणूस कुठे होता, हे माणसांना विचारायचे काम माझे होते. पुढे तरुण अधिकारी कॉलची यादी घेऊन आले की मी एवढेच म्हणायचो, आधी नंबर फिरवा. का, ते कधी सांगितले नाही.

ठाण्याच्या दैनंदिनीत माझ्या अक्षरात नोंद आहे: कोठडीत पाय घसरून पडल्याने आरोपीच्या कानास इजा झाली. तो घसरला नव्हता.