साइड इफेक्ट अजिबात नाही!

औषध निरीक्षकाच्या नोकरीत फायली बंद होतात, किस्से बंद होत नाहीत. फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पडते, तिला वाळवी लागते. किस्सा मात्र डोक्यात राहतो आणि कुणी चहाला बोलावलं की बाहेर येतो. नाशिकच्या ऑफिसात मी बारा-तेरा वर्षं काढली, म्हणजे बघा किती साठले असतील! लोक ऐकून हसतात. मीही हसते. मग घरी गेल्यावर डोकं भणभणतं. तेव्हा खुशाल हसा, पण मी हे रागाने सांगतेय, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या बाजूला मी आणि खैरनार. खैरनार माझ्यासारखाच निरीक्षक, सटाण्याकडचा, चिडला की थेट अहिराणीत जाणारा. शिवाय आमचे शिपाई सोनवणे, रिटायरमेंटला आलेले. आणि समोर सिन्नरचे नाना. कपाळाला अष्टगंध, तोंडात साखर. नाना गुडघेदुखीचं चूर्ण विकायचे. हिरव्या डबीवर छापलेलं असायचं, 'शंभर टक्के वनस्पती. साइड इफेक्ट अजिबात नाही!'

आठ दिवसांत गुडघे चालायला लागायचे. आता कुठल्या पाल्याला असं जमतं? आम्हाला पक्का संशय होता की नाना त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात. डॉक्टरांनी मोजून-मापून द्यायचं औषध, ते इथे चमच्या-चमच्याने लोकांच्या पोटात जात होतं. माणूस फुगतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. ते चूर्ण बाजारातून उठवायचं, एवढंच आमचं काम होतं. एवढंच!

*

पहिली गाठ वणीला पडली, चैत्रातल्या यात्रेत. देवीचा गड उतरून आलेली माणसं गुडघे धरून बसलेली आणि बरोबर तिथेच नानांची जीप, वर भोंगा. गिऱ्हाइकाला बोलवावं लागतच नव्हतं.

डबीवर चक्क लायसन्स नंबर होता. खैरनारने ऑफिसला फोन लावून रजिस्टर तपासायला सांगितलं. असा नंबरच नाही! तो वैतागून जीपभोवती फेऱ्या मारायला लागला आणि एकदम थांबला.

"मॅडम, लायसन्स सापडलं!"

"कुठे?"

"जीपच्या मागे. नंबर प्लेटवर!"

सुरुवातीची अक्षरं तेवढी गाळली होती, बाकी आकडा न् आकडा तोच. नाना जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तोही सरकारनेच दिलेला नंबर आहे ना?"

*

नमुना लॅबला गेला. लॅबमध्ये राज्यभरातले नमुने रांगेत असतात, त्यामुळे रिपोर्ट यायला महिने गेले. पण आला, आणि त्यात स्टिरॉइड सापडलं होतं! मी आणि खैरनारने त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरला हजर.

दुकानात हिरवी डबी एकही नाही. सगळीकडे भगव्या डब्या, वर वेगळंच नाव.

"ते जुनं ना?" नाना म्हणाले. "ते आम्ही स्वतःहून बंद केलं. पब्लिकच्या हितासाठी!"

"आणि यात काय आहे?"

"शंभर टक्के वनस्पती. का, याचा रिपोर्ट आहे तुमच्याकडे?"

नव्हता. मग पुन्हा नमुना, पुन्हा लॅब, पुन्हा महिने. बाहेर येऊन खैरनार नुसता म्हणत राहिला, "हाई काय शे? हाई काय शे?"

*

याच काळात एका बड्या माणसाचा फोन आला. कोण ते विचारू नका. मला वाटलं, आता म्हणणार, नानांना सोडा. मी उत्तरं तयार ठेवून बसले होते.

"मॅडम, तुम्ही फार चांगलं काम करताय," ते म्हणाले. "लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय. सोडू नका त्याला!"

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. म्हटलं, सापडला बाई एक माणूस!

"फक्त एक करा. धाड घालायच्या आधी दोन दिवस कळवा. आईसाठी सहा महिन्यांचा माल भरून ठेवतो."

*

हा किस्सा नानांचा नाही, पण राग तोच. एक निवृत्त शिक्षिका घरोघर वजन उतरवायच्या कॅप्सूल विकायच्या. चांगली बाई. तिला वाटायचं की आपण समाजसेवा करतोय. एका मुलीला त्या घेऊन छातीत धडधड सुरू झाली, वडील कॅप्सूलचं खोकं घेऊन आमच्याकडे आले.

मी खोकं पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, 'हे औषध नाही. हे पूरक अन्न आहे.' झालं! आमच्याच खोलीत समोर अन्न विभागाचं टेबल होतं. मी खोकं तिकडे पाठवलं. तिथल्या साहेबांचा शेरा आला, 'कॅप्सूलच्या रूपात आहे, सबब औषध असावे.' मी परत पाठवलं. त्यांनी परत पाठवलं. दोन टेबलांमध्ये आठ फुटांचं अंतर, आणि खोकं त्यावरून वर्षभर येत-जात राहिलं. ती मुलगी बारावीची परीक्षा देऊन पुण्याला शिकायला गेली, तरी कॅप्सूल अन्न की औषध हे आमचं ठरेना.

शेवटी फाइल बंद झाली. शेरा होता, 'नमुना मुदतबाह्य झाल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.' त्यात माझाही हात होता. मीही खोकं सरकवत होतेच. आज कुणी समोर आठ फुटांवर बसलं तरी मला ते आठवतं.

*

सोनवण्यांची तब्येत सुधारली होती. गाल भरले, चेहरा गोल झाला. आम्ही सगळे म्हणायचो, "काय सोनवणे, सूनबाई चांगलं खाऊ घालते वाटतं!" ते नुसते हसायचे. पूर्वी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबणारा माणूस आता फायली घेऊन भराभर वर यायचा.

औषध खात्यातली माणसं आम्ही! स्टिरॉइडने चेहरा गोल होतो हे आम्हाला पाठ. आणि रोज समोर दिसणारा चेहरा आम्हाला दिसला नाही.

एकदा डब्यातून पोळी काढताना त्यांच्या पिशवीतून भगवी डबी घरंगळली. मी एवढी ओरडले की शेजारच्या ऑफिसातले लोक आले. "नमुने तुम्ही लॅबला नेता, सोनवणे! त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे मॅडम," ते खाली बघत म्हणाले. "पण गुण येतो."

मी ती डबी त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतली. आजपासून बंद म्हणजे बंद! बिचाऱ्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी ते घरात कोसळले. हॉस्पिटलात गेले तर डॉक्टर माझ्यावरच उसळले, "महिनोन् महिने घेतलेलं स्टिरॉइड कुणी असं एका दिवसात तोडतं का? हळूहळू कमी करायचं असतं! कुणी सांगितलं यांना बंद करायला?"

सोनवणे वाचले, हे नशीब. सलाइन चालू असताना त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

"मॅडम," ते कुजबुजले, "ऑफिसातल्या सीलबंद नमुन्यातलं चमचाभर मिळेल का?"

*

आता शेवटचा.

नमुना घेण्याची आमची एक पद्धत असते, कायद्यातच सांगितलेली. घेतलेल्या मालाचे चार भाग करायचे. प्रत्येक डबीला दोरा गुंडाळायचा, त्यावर लाख ओतून सरकारी शिक्का मारायचा, चिठ्ठी चिकटवून सही करायची. एक भाग लॅबला, एक कोर्टासाठी, एक माल बनवणाऱ्यासाठी, आणि एक त्या विकणाऱ्यालाच परत. उद्या तो म्हणाला, नमुना बदलला, तर त्याच्याकडे स्वतःची डबी असावी. न्यायाची गोष्ट आहे, मला कधी खटकली नाही.

नाना मात्र नमुना द्यायला फार खूश असायचे. इतर दुकानदार आम्हाला बघून शटर ओढायचे, नाना चहा मागवायचे. एकदा लाख ओतताना मला म्हणाले, "मॅडम, शिक्का जरा नीट उमटू द्या." मला वाटलं, माणूस कागदपत्रांना पक्का आहे.

पुढे लासलगावच्या बाजूच्या एका डॉक्टरांचा फोन आला. साठीची बाई, अंग सुजलेलं, साखर भयानक, कसलं तरी चूर्ण घेते, पण नाव सांगत नाही. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! नानांविरुद्ध साक्षीला जिवंत माणूस मिळत होतं. जबाब घ्यायला मी आणि खैरनार तिच्या घरी गेलो.

मार्केटला कांदा निवडायला जाणारी बाई. दिवसभर उकिडवं बसायचं काम, गुडघे गेलेले. बसणं बंद तर मजुरी बंद. चेहरा एवढा सुजलेला की डोळे बारीक झाले होते. मी तिच्या शेजारी बसले आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, असं कुणाकडूनही काहीही घेऊ नये. त्यात काय असतं, कुणाला माहीत?"

तिला ते लागलं.

"म्या काय येडी हाय का बाई?" ती म्हणाली. "साधी डबी म्या घेतलीच नाय. समदे घेत्यात, म्या नाय घेतली. नानाला म्हनलं, मला खात्रीचा माल पायजे. तवा त्यानं आतून काढून दिली. लय जपून वापरते."

ती भिंतीला धरून उठली, देवाच्या फळीवरून डबी काढली आणि पदराने पुसून माझ्या हातात दिली. अर्धी संपली होती. तोडलेला दोराही तिने टाकला नव्हता, डबीभोवती नीट गुंडाळून ठेवला होता. त्यावर लाल लाख होती, शिक्का चांगला उमटला होता. खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर निळ्या शाईत माझी सही.

खैरनार उठून अंगणात गेला.

मी सहीवर अंगठा ठेवून बसले होते. बाई जरा वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमाला वाचाया येतं ना? कुना मोठ्या डाक्टरची सही हाय हो ही?"