अंगणातल्या बाजेवर ठेवलेलं दुखणं

मी ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वर्गात कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या, की मी त्याला उभं करून पुरावा मागते आणि त्याची पार दाणादाण उडवते. तेव्हा हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण आता मनात ठेवणं जमत नाही.

आम्ही सास्तूरला राहतो. भूकंपानंतर मिळालेलं पुनर्वसनातलं घर, पुढं अंगण, अंगणात लिंबाखाली लोखंडी बाज. घरात मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

स्कूटीवरून पडल्यापासून माझी कंबर दुखायची. डावीकडून कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत. MRI नॉर्मल, गोळ्या झाल्या, शेक झाले, तरी काही वर्षं तेच. शेवटी सोलापूरला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं ते मला पुस्तकातून पाठच होतं — चोर पळाला तरी गावातली कुत्री भुंकत राहतात, तसा मेंदू उगाच इशारे देत राहतो. दुखेल या भीतीनं आपण हालचाल टाळतो आणि दुखणं आणखी मुरतं. मग त्यांनी एक व्यायाम दिला. डोळे मिटायचे, दुखण्याला रंग, आकार, वजन द्यायचं, आणि ते अंगातून काढून समोर ठेवायचं.

अंगणात पायरीवर बसून मी तो केला. माझं दुखणं म्हणजे एक भिजलेलं काळपट पोतं होतं. मी ते मनातल्या मनात दोन्ही हातांनी उचललं आणि समोरच्या बाजेवर ठेवलं. डोळे उघडले तर कंबर मोकळी झालेली... मी वाकून पायरी झाडली. खरं सांगते, रडू आलं.

त्याच संध्याकाळी मिस्टर बाजेवर बसून बूट काढत होते, ते उठताना कण्हले. डावी कंबर धरली होती. मी हसले. जवळच्या माणसाचं दुखणं बघून बघून आपल्यालाही तसंच दुखतं, हे मी दरवर्षी शिकवते. त्यांचं सकाळपर्यंत थांबलं आणि आम्ही विसरलो.

मग रेखा आली. माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला. सातवा महिना. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळं ती दिवसभर लिंबाखाली बाजेवरच आडवी असायची. एका दुपारी तिनं हाक मारली. तोंड पांढरंफटक पडलेलं, हात डाव्या कंबरेवर.

"वहिनी, हितून कळ निघतीय आन् पार टाचंपातूर जातीय बगा."

टाचेचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काही सापडलं नाही, पण कळा अशाच राहिल्या तर बाळ दिवस भरायच्या आधीच येईल, म्हणाल्या. घरी आणून तिला आतल्या खोलीत निजवलं. कळा थांबेनात. आत्या तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुजी कंबर कशानं बरी झाली गं?"

मी सांगितलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या, अंगणातल्या बाजेकडं बघून परत आल्या.

"दुखनं उतरिवलंस आन् घरातच ठिवलंस? उतारा कुनी घरात ठिवतं व्हय? गावाच्या शिवंला, तिठ्यावर ठिवत्यात. मागं न बगता येत्यात."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी नाही घातला. "मग आता नेऊन ठिव तिठ्यावर," त्या म्हणाल्या. पण आमच्या तिठ्यावर शाळेच्या पोरी एसटीची वाट बघत उभ्या असतात.

मी रेखाजवळ जमिनीवर बसले आणि डोळे मिटले. बाज रिकामी दिसली. पोतं रेखाच्या पाठीला चिकटून निजलं होतं. आता ते ओलं नव्हतं, कोमट होतं... आणि हळूहळू श्वास घेत होतं. हे मी कल्पनेत आणलं नव्हतं. कल्पना आपल्या हातात असते, हे नव्हतं. मी ओढायला गेले तर सुटेना. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. शेवटी मी पुटपुटले, "ये, माझंच आहेस तू."

ते आलं. रेखानं मोठा श्वास सोडला. "थांबलं, वहिनी." मला मात्र जमिनीवरून उठता येईना, आत्यांनी काखेत हात घालून उठवलं.

रेखाचे दिवस भरले, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. माझी कंबर पुन्हा पहिल्यासारखीच दुखते. सोलापूरच्या डॉक्टरांकडं सगळ्याचं उत्तर आहे — घरातला ताण, अपराधीपणा, सूचनेचा परिणाम. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. पण पोत्याच्या त्या श्वासाचं काय, ते त्यांना सांगता आलं नाही, आणि मलाही अजून कळलेलं नाही.

ते म्हणतात, व्यायाम पुन्हा सुरू करा, या वेळी घराबाहेरची जागा निवडा. मी शोधली. पार, पाण्याची टाकी, ओढ्याकाठचा खडक, माळावरची बाभळ... कुणीच कधी टेकणार नाही अशी जागा मला अजून सापडलेली नाही.